कबरींनी राखलेलं रान: रॅम्झी क्रीकचं प्रकरण

साउथ कॅरोलायना राज्याच्या वायव्य कोपऱ्यात, ब्लू रिज डोंगररांगेच्या पायथ्याशी वेस्टमिन्स्टर नावाचं छोटं गाव आहे. वस्ती अडीच हजारांच्या आसपास. गावाजवळून रॅम्झी क्रीक हा ओढा वाहतो आणि थोडं पुढे जाऊन चाउगा नदीला मिळतो. 1998 मध्ये या ओढ्याकाठच्या साधारण 33 एकर रानात एक दफनभूमी सुरू झाली. तिथे ओळीने उभे केलेले संगमरवरी दगड नव्हते, कापलेली हिरवळ नव्हती, डांबरी रस्ते नव्हते. रान जसं होतं तसंच ठेवायचं, त्यात माणसं पुरायची आणि त्या दफनांतून येणाऱ्या पैशावर रान सुधारत न्यायचं, एवढीच योजना होती.

योजना होती डॉ. बिली कॅम्पबेल आणि त्यांची पत्नी किंबर्ली यांची. बिली कॅम्पबेल गावातच डॉक्टरकी करत. दोघांनी मेमोरियल इकोसिस्टिम्स नावाची कंपनी काढून ही जागा चालवायला घेतली. आज क्षेत्र सत्तर एकरांच्या पुढे गेलं आहे आणि जमीन-संवर्धनासाठी काढलेली अमेरिकेतली पहिली दफनभूमी म्हणून रॅम्झी क्रीकचं नाव घेतलं जातं.

नैसर्गिक दफनाची आधुनिक सुरुवात याच्या पाच वर्षं आधी इंग्लंडमध्ये झाली होती. कार्लाइल शहराच्या नगरपालिकेत स्मशानांचा कारभार पाहणारे केन वेस्ट यांनी 1993 मध्ये तिथल्या दफनभूमीचा एक भाग वनदफनासाठी राखून ठेवला. कबरीवर दगडाऐवजी ओकचं रोप लावायचं, अशी ती कल्पना. पण कार्लाइलची जागा मुळात दफनभूमीच होती. रॅम्झी क्रीकमध्ये क्रम उलटा झाला. आधी रान, मग कबरी. म्हणूनच हे प्रकरण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. दफनाने खरोखर जमीन वाचते का, हा प्रश्न इथे नीट तपासता येतो.

ही जमीन कुठल्या अवस्थेतली

साउथ कॅरोलायनाचा हा पट्टा पीडमाँट प्रदेशाच्या, म्हणजे डोंगररांगेपासून किनारी मैदानापर्यंतच्या चढउतारांच्या पट्ट्याच्या, वरच्या टोकाला येतो. मुळात ही चेरोकी लोकांची भूमी. गोऱ्या वसाहतींनंतर उतारांवर कापूस आणि मका पिकवला गेला, बांधबंदिस्ती न करता. भूगोलतज्ज्ञ स्टॅन्ली ट्रिंबल यांनी 1974 मध्ये मांडलेल्या अभ्यासानुसार दक्षिण पीडमाँटने सरासरी सात इंच, म्हणजे जवळपास 18 सेंटिमीटर माती गमावली. वरचा काळसर, जिवंत थर ओढ्यानाल्यांत वाहून गेला आणि खालची लाल चिकणमाती उघडी पडली. शेती परवडेनाशी झाल्यावर लोक निघून गेले. मग त्या जागांवर पाइनची एकसुरी लागवड झाली, किंवा जे उगवेल ते उगवू दिलं गेलं. उगवण्यात कुडझूच्या वेली होत्या, जपानी हनीसकल होतं, चिनी प्रिव्हेट होतं. सगळे परदेशी पाहुणे, आणि एकदा बसले की स्थानिक रोपट्यांना डोकं वर काढू न देणारे.

दुसरं संकट नवं होतं. 1960 ते 70 च्या दशकांत या भागात हार्टवेल, कीओवी, जोकासी अशी मोठी कृत्रिम तळी बांधली गेली आणि तळ्याकाठच्या जमिनींना सुट्टीच्या घरांसाठी मागणी आली. ओढा, थोडा उतार, जुने ओक आणि हिकरीची झाडं असलेली तीस एकर जमीन अशा ठिकाणी मोकळी राहत नाही. तिचे प्लॉट पडतात. अशा जमिनीवर कायमचा हक्क मिळवायचा तर पैसे कुठून आणायचे, हा सगळ्या संवर्धनवाद्यांचा जुना प्रश्न. कॅम्पबेल दांपत्याने उत्तर शोधलं ते अंत्यविधीच्या खर्चात.

अमेरिकेतला अंत्यविधी आणि त्यात जिरणारा पैसा

आपल्याकडे हे समजायला थोडं अवघड जातं, म्हणून जरा सविस्तर सांगतो. अमेरिकेत चालत आलेल्या पद्धतीत मृतदेहाच्या रक्तवाहिन्यांत फॉर्मल्डिहाइडसारखी रसायनं भरून तो टिकवला जातो. ही पद्धत रुजली ती यादवी युद्धात, दूरच्या रणांगणावर पडलेल्या सैनिकांना घरी पोचवायचं होतं तेव्हा. 1865 मध्ये लिंकन यांचा देह रेल्वेने वॉशिंग्टनहून इलिनॉयला नेला, वाटेत लाखो लोकांनी त्याचं दर्शन घेतलं आणि रसायनं भरणं ही प्रतिष्ठेची गोष्ट झाली. नंतर तिचा धंदा झाला. देह मग धातूच्या किंवा उत्तम लाकडाच्या पेटीत ठेवतात आणि ती पेटी जमिनीतल्या काँक्रीटच्या दुसऱ्या पेटीत उतरवतात.

ही काँक्रीटची पेटी कशासाठी? बहुतेक लोकांना वाटतं की कायद्याने ती लागते. तसं नाही. माती खचून जमीन उंचसखल होऊ नये, गवत कापायचं यंत्र सरळ फिरावं, म्हणून दफनभूमी चालवणारे तिचा आग्रह धरतात. न्यूयॉर्क राज्यातल्या ग्रीनस्प्रिंग्स दफनभूमीच्या संस्थापकांपैकी मेरी वुडसेन यांनी केलेल्या अंदाजानुसार अमेरिकेत वर्षाला 16 लाख टन काँक्रीट अशा प्रकारे जमिनीत पुरलं जातं.

अमेरिकन अंत्यविधी व्यावसायिकांच्या राष्ट्रीय संघटनेच्या 2023 च्या आकडेवारीत, दर्शन आणि दफन यांसह होणाऱ्या अंत्यविधीचा मध्यम खर्च 8,300 डॉलर होता. काँक्रीटची पेटी धरली तर 9,995. म्हणजे नुसत्या या पेटीचे सुमारे 1,700 डॉलर. एका एकरात शंभर दफनं झाली असं धरा. 1,70,000 डॉलर फक्त काँक्रीटवर गेले. त्या खेड्यातल्या एक एकर रानाच्या किमतीपेक्षा हे कितीतरी जास्त. जमीन विकत घ्यायला पैसा नव्हता असं नाही, तो चुकीच्या वस्तूवर खर्च होत होता, हे कॅम्पबेल यांच्या मांडणीचं मर्म आहे आणि मला ते निर्विवाद पटतं.

इथलं दफन कसं होतं

रॅम्झी क्रीकचे नियम थोडे आहेत, पण कडक आहेत. रसायन भरलेला देह चालत नाही. काँक्रीटची पेटी नाही. शवपेटी हवी असेल तर मातीत कुजणारी: साध्या लाकडाची, पुठ्ठ्याची, वेताची. नुसतं कापडात गुंडाळलेलंही चालतं. खुणेला हवा तर सपाट नैसर्गिक दगड, जमिनीला टेकलेला. झाडं लावायची तर स्थानिकच. घरून आणलेलं गुलाबाचं किंवा शोभेचं झुडूप लावता येत नाही, कितीही मनापासून आणलेलं असलं तरी. नियम कठोर वाटतो, पण प्रत्येक कबरीवर एकेक परदेशी झुडूप लागलं असतं तर वीस वर्षांत रानाची बाग झाली असती.

खड्डा बहुतेक वेळा हाताने, फावड्या-कुदळीने खणतात. अवजड यंत्र आणलं की माती दाबली जाते आणि मुळं तुटतात. खोली साधारण तीन ते चार फूट, कारण मातीतला जिवाणू-बुरशींचा आणि प्राणवायूचा खेळ वरच्या थरांतच जोरात चालतो. खूप खोल पुरलेला देह थंड, दबलेल्या मातीत रेंगाळतो. खणताना निघालेला वरचा थर बाजूला काढून ठेवायचा आणि भरताना पुन्हा वरच यायला हवा, नाहीतर बियाणांनी भरलेली काळी माती खाली जाते आणि नापीक लाल माती वर. उरलेल्या मातीचा उंचवटा करतात. पुढच्या काही महिन्यांत तो हळूहळू बसतो. घरच्या माणसांना हवं असेल तर तीच माती लोटतात. ज्यांनी आपल्या हाताने माती दिली आहे त्यांना यातलं बळ सांगायला नको.

जागा निवडताना मोठ्या झाडाची मुळं, ओढ्यापासूनचं अंतर, उताराची दिशा हे सगळं पाहावं लागतं. त्यामुळे कबरी ओळीत येत नाहीत. एक इथे, दुसरी पंचवीस पावलांवर, तिसरी वळणापलीकडे. माणसं पायवाटांनी हिंडतात, पाहुणे येतात, आणि पुष्कळदा आपण दफनभूमीत आहोत हे लक्षात यायला वेळ लागतो.

एकरी किती?

माझ्या मते सगळ्या प्रकरणातला निर्णायक आकडा हा आहे. हिरवळीच्या नेहमीच्या अमेरिकन दफनभूमीत एकरी हजारेक कबरी बसवल्या जातात. 2005 मध्ये जो सीही यांनी स्थापन केलेल्या ग्रीन बरियल कौन्सिलने जे दर्जे ठरवले त्यांत संवर्धन-दफनभूमीचा दर्जा सर्वांत वरचा आहे, आणि त्यासाठी एकरी सरासरी तीनशेची मर्यादा आहे. रॅम्झी क्रीकने स्वतःला त्याहून खूप कमी घनतेवर ठेवलं आहे.

घनता कमी का हवी, याची कारणं मातीतच आहेत. सत्तर किलोच्या माणसाच्या शरीरात साधारण पावणेदोन किलो नत्र असतं. कुजताना ते एकाच ठिकाणी सुटतं, सोबत क्षारही. एकरात तीस-चाळीस कबरी असतील तर ते आसपासच्या मुळांत आणि बुरशीच्या जाळ्यात सहज जिरतं. एकरात हजार झाल्या, तर पावणेदोन टन नत्र त्या एकरात उतरलं. पीडमाँटमधली कित्येक देशी गवतं आणि रानफुलं हलक्या जमिनीत वाढणारी आहेत. खताळ जमीन झाली की तिथे तण माजतं. तेव्हा "माणसाच्या देहाचं खत होऊन जंगल फुलतं" हे जे भाबडं वाक्य ठिकठिकाणी वाचायला मिळतं, ते या ठिकाणी अर्धवटच खरं आहे. देहाने रान फुलत नाही. देह रानाला पेलेल इतकेच असावेत, एवढंच.

पाण्याचा प्रश्नही याच हिशेबात येतो. इंग्लंडच्या पर्यावरण यंत्रणेचा दंडक असा की कबर पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून किमान 250 मीटर आणि इतर ओढ्या-झऱ्यापासून 30 मीटर दूर असावी. ओढ्याकाठच्या जागेत एवढी कडा सोडायची म्हणजे जमिनीचा चांगला मोठा तुकडा कबरीविना राहतो. नेहमीच्या धंद्याच्या नजरेने हे नुकसान. संवर्धनाच्या नजरेने तोच तुकडा सर्वांत मोलाचा, कारण ओढ्याकाठी जीवांची दाटी असते. कबरी वरच्या कोरड्या, पूर्वी नासलेल्या भागात. ओढ्याचा काठ मोकळा. रॅम्झी क्रीकमध्ये दोनशेहून जास्त जातींच्या वनस्पती नोंदल्या गेल्या आहेत, त्या अशा काळजीपूर्वक सोडलेल्या जागांमुळे.

1998 ते 2006: कागद नसलेली वर्षं

आता दुखऱ्या जागेकडे. पहिली दफनं झाली तेव्हा या जमिनीवर कायमचं कायदेशीर संरक्षण नव्हतं. जमीन एका खाजगी कंपनीची होती आणि मालकांचा शब्द होता. 2006 मध्ये तिच्यावर कॉन्झर्व्हेशन ईझमेंट नोंदवलं गेलं आणि ते धारण केलं अपस्टेट फॉरएव्हर या ग्रीनव्हिलच्या भूसंवर्धन संस्थेने.

ईझमेंट म्हणजे काय? जमिनीची मालकी मालकाकडेच राहते, पण तिच्यावर बांधकाम करण्याचा, तिचे तुकडे पाडण्याचा, झाडं तोडून विकण्याचा हक्क तो कायमचा सोडून देतो, आणि ते पाळलं जातंय की नाही हे बघण्याचा अधिकार एका संस्थेला देतो. सातबाऱ्याच्या इतर हक्कांत चढलेला बोजा जसा नव्या खरेदीदाराच्याही गळ्यात पडतो, तसं हे बंधन जमिनीबरोबर चालतं. कॅम्पबेल राहोत न राहोत, कंपनी विकली जावो, बंधन कायम.

मग आधीची आठ वर्षं जमीन कशाने राखली? काही अंशी कबरींनीच. कबर असलेल्या जमिनीवर बंगले बांधणं अमेरिकन कायद्यातही सोपं नाही आणि लोकमानसात तर त्याहून अवघड. पण कबरी होत्या तेवढ्याच तुकड्याला हे कवच. बाकीचं रान तोंडी शब्दावर उभं होतं. शब्द पाळला गेला हे चांगलं झालं, पण एवढ्या मोठ्या गोष्टीचं ओझं माणसाच्या चांगुलपणावर टाकणं मला मान्य नाही. रॅम्झी क्रीकचं अनुकरण करणाऱ्यांनी नेमकी हीच कडी दुरुस्त केली. फ्लोरिडात गेन्सव्हिलजवळ 2010 मध्ये सुरू झालेली प्रेअरी क्रीक दफनभूमी मुळात अलाचुआ कॉन्झर्व्हेशन ट्रस्ट या संस्थेच्याच 93 एकरांवर उभी राहिली. टेनेसीत 2018 मध्ये उघडलेल्या लार्कस्पर दफनभूमीच्या जमिनीवरचं ईझमेंट नेचर कॉन्झर्व्हन्सी या संवर्धन संस्थेकडे आहे.

या सगळ्यातून मला जे दिसतं ते असं. कबरीने थेट जमीन वाचवली नाही. जमीन वाचवली कागदाने, कमी घनतेने आणि तण उपटत राहणाऱ्या हातांनी. कबरींनी या तिन्हींना पैसा पुरवला, आणि पैशापेक्षा मोठी गोष्ट पुरवली: माणसं. कुठल्याही राखीव वनाला एवढे वारसदार मिळत नाहीत. जिथे आई पुरली आहे त्या रानातून रस्ता काढायचं ठरलं तर सभेला कोण येईल, हे सांगायला नको.

न सुटलेल्या गोष्टी

पैशाचा झरा एक दिवस आटतो. घनता कमी ठेवायची म्हटल्यावर विकायच्या जागाही मोजक्या. शेवटची जागा विकली की उत्पन्न बंद, पण तण उपटणं, पायवाटा राखणं, पडलेली झाडं काढणं थांबत नाही. त्यासाठी प्रत्येक दफनाच्या रकमेतून कायमठेव बाजूला काढावी लागते आणि तिच्या व्याजावर पुढची शंभर वर्षं काढायची असतात. हिशेब कागदावर जुळतो. प्रत्यक्षात जुळतो का, हे आपल्या पिढीला बघायला मिळणार नाही.

दुसरी गोष्ट व्याप्तीची. अमेरिकेत आज साठ टक्क्यांहून जास्त लोक दहन निवडतात, मुख्यतः ते स्वस्त पडतं म्हणून. रॅम्झी क्रीकमध्ये अस्थी-राखही पुरता येते. पण सगळ्या अमेरिकेने नैसर्गिक दफन स्वीकारलं तरी त्याने देशाच्या जंगलांचा फार मोठा भाग वाचेल असं मला वाटत नाही. हे साधन छोट्या, ओळखीच्या, गावाला लागून असलेल्या जागांचं आहे: ओढ्याचा एखादा काठ, एखादी टेकडी, जिला अभयारण्याचा दर्जा कधीच मिळणार नाही आणि बिल्डर मात्र लगेच सापडेल.

आपल्याकडे बघताना

महाराष्ट्रात नैसर्गिक दफन ही नवी गोष्ट नाही. लिंगायत समाज देहाला मातीतच समाधी देतो. नाथपंथी, गोसावी यांच्यात समाधी आहे. मुसलमान कफनात गुंडाळून, पेटीविना दफन करतात. रसायन नाही, काँक्रीट नाही. रॅम्झी क्रीकच्या नियमावलीतलं बरंचसं इथे पिढ्यान्पिढ्या चालत आलं आहे. फरक जमिनीच्या हिशेबात आहे. मुंबईसारख्या शहरातल्या कबरस्तानांत जागेअभावी काही काळाने त्याच ठिकाणी पुन्हा दफन करावं लागतं. जमीन कमी लागते, हे त्याचं मोठेपण, पण त्या जमिनीचं रान होऊ शकत नाही. रॅम्झी क्रीकमध्ये कबर एकदाच, आणि ती हलत नाही. न हलणारी कबर हेच तिथलं कुलूप.

श्रद्धेने जमीन राखणं मात्र आपल्याला रॅम्झी क्रीककडून शिकायला नको. परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ आणि वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक यांनी 1970 च्या दशकात सह्याद्रीतल्या देवरायांची नोंद केली तेव्हा त्यांना दिसलं ते हेच: आजूबाजूचं सगळं तुटलं तरी देवाच्या नावाने ठेवलेला तुकडा शाबूत. आणि हेही दिसलं की श्रद्धा पातळ झाली, किंवा देवळाच्या जीर्णोद्धारासाठी लाकूड विकायचं ठरलं, की तीच राई वर्षभरात भुईसपाट होते. रॅम्झी क्रीकची 2006 पूर्वीची आठ वर्षं आणि आपल्या शेकडो देवराया एकाच अवस्थेत आहेत. भावना भक्कम, कागद कच्चा.

आपल्या कायद्यात अमेरिकेसारखं खाजगी ईझमेंट नाही. पण वाटा आहेत. वन्यजीव संरक्षण कायद्यात 2002 च्या दुरुस्तीने समुदाय राखीव क्षेत्राची तरतूद आली. गावाने किंवा एखाद्या मालकाने स्वतःहून दिलेली जमीन तशी घोषित होऊ शकते आणि मग तिचा वापर मनात येईल तसा बदलता येत नाही. जैवविविधता कायद्यात वारसा स्थळाची तरतूद आहे. सिंधुदुर्गात दोडामार्ग तालुक्यातल्या हेवाळे-बांबर्डे इथलं जंगली जायफळाचं दलदलीचं रान, अडीच हेक्टरांच्या जवळपास, अशा वारसा स्थळांत आलं आहे. ते टिकलं होतं भालांदेश्वराची राई म्हणून, गावकऱ्यांच्या शब्दावर. कागद नंतर झाला, पण झाला. ज्या गावाला आपल्या समाधीभूमीचं किंवा कबरस्तानाच्या मागच्या ओसाड माळाचं रान करायचं असेल, त्याने पहिली कुदळ मारायच्या आधी ग्रामसभेचा ठराव, मोजणी आणि त्या जमिनीची नोंद या तीन कामांना लागावं. झाडं त्यानंतरच्या पावसाळ्यात लावली तरी चालतात.